हार्मोन कमी करणारी गोळी: पहिल्या दिवसापासून पाचव्या वर्षापर्यंत

स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या रेडिएशनचा शेवटचा दिवस उरकला की घरच्यांना वाटतं, झालं एकदाचं. मग पुढच्या भेटीत डॉक्टर एका छोट्या गोळीचं नाव लिहितात, ‘रोज एक, पाच वर्षं’ म्हणतात आणि बाहेर पुढच्या पेशंटचा पुकारा होतो. ऑपरेशनआधी आपल्याला चार जणांनी चार वेळा समजावलेलं असतं. केमोला नर्स उशाशी असते. या गोळीच्या वेळी मात्र आपण आणि आपली डबी, बस्स. उपचारातला सगळ्यात लांबचा पल्ला नेमका हाच.

मी डॉक्टर नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर आधी ॲनास्ट्रोझोल, आता एक्झेमेस्टेन, असं माझं चौथं वर्ष चालू आहे. मधे एकदा मूर्खपणाही करून झाला, तो पुढे सांगते. पहिल्याच दिवशी कुणीतरी समोर बसवून जे सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐका. तुमचे रिपोर्ट त्यांच्या हातात आहेत, माझ्या नाहीत.

पायरी पहिली: पाकिटावरचं नाव वाचा

‘हार्मोन थेरपी’ या शब्दानं मोठा घोळ होतो. पाळी गेल्यावर काही बायकांना बाहेरून हार्मोन देतात, त्यालाही लोक हेच म्हणतात. आपल्या गोळीचं काम बरोबर उलटं आहे. म्हणून शेजारणीनं ‘अगं, मीही हार्मोनच्या गोळ्या घ्यायचे, काही नाही होत’ असं सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. तिची गोळी आणि तुमची गोळी एकमेकींच्या शत्रू आहेत.

बायोप्सीच्या रिपोर्टात ईआर आणि पीआर अशी दोन अक्षरं असतात. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा. ही दोन्ही बाईच्या शरीरातली हार्मोन, आणि रिसेप्टर म्हणजे हार्मोननं येऊन बसायची पेशीतली जागा. कॅन्सरच्या पेशींपैकी १ टक्का पेशींत जरी हे रिसेप्टर सापडले, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात. स्तनाच्या कॅन्सरच्या दर चार पेशंटांतल्या साधारण तिघी या गटात असतात. त्यांच्या गाठीला इस्ट्रोजेन खतासारखं लागू पडतं, म्हणून ते तोडायचं. ही कल्पना नवी नाही. १८९६ साली जॉर्ज बीटसन या ग्लासगोच्या सर्जननं अंडाशय काढल्यावर स्तनाची गाठ आक्रसते असं दाखवून दिलं होतं, आणि तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही कुणाला माहीत नव्हतं.

आता पाकीट हातात घ्या. बहुतेक करून पुढच्यापैकी एखादं नाव दिसेल.

टॅमॉक्सिफेन, रोज २० मिलिग्रॅम. ही गोळी रक्तातलं इस्ट्रोजेन कमी करत नाही. पेशीतल्या रिसेप्टरवर ती रुमाल टाकून जागा धरून ठेवते, त्यामुळे इस्ट्रोजेन आलं तरी त्याला बसायला जागा नसते. पण ही गोळी दुतोंडी आहे. स्तनात ती इस्ट्रोजेनला अडवते आणि गर्भाशयाच्या अस्तरात मात्र स्वतःच थोडीफार इस्ट्रोजेनसारखी वागते. तिचे बरेचसे धोके या एका वाक्यातून समजतात.

ॲनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम, लेट्रोझोल अडीच मिलिग्रॅम किंवा एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम. या तिघी खऱ्या अर्थानं हार्मोन कमी करणाऱ्या. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवणं थांबवतं, पण शरीर पूर्ण थांबत नाही. मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथींतून येणाऱ्या हार्मोनपासून चरबी, स्नायू आणि खुद्द स्तनातसुद्धा थोडं थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं. ते बनवणाऱ्या एन्झाइमचं नाव अरोमाटेझ. या गोळ्या त्यालाच बंद पाडतात.

तिसरा प्रकार इंजेक्शनचा: गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइड. ही अंडाशयाला झोपवतात. यांच्याबद्दल पुढच्या पायरीत बोलू, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक तिथे होते.

पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो आणि त्यांनाही बहुतेक वेळा टॅमॉक्सिफेनच देतात. खालचं पाळीबिळीचं सोडलं तर बाकी सगळं त्यांनाही लागू आहे, रक्ताच्या गुठळीचं तर नक्कीच.

पायरी दुसरी: अंडाशय खरंच झोपलंय का?

ही पायरी दोनदा वाचा. अरोमाटेझ अडवणाऱ्या गोळ्या अंडाशय बंद असेल तरच उपयोगाच्या. अंडाशय चालू असेल तर मेंदूला इस्ट्रोजेन कमी झाल्याचं कळतं आणि तो अंडाशयाला आणखी जोरानं कामाला लावतो. लेट्रोझोल मूल होण्यासाठीच्या उपचारांत बीजनिर्मितीला चालना द्यायला वापरतात ते याच कारणासाठी. म्हणजे चाळिशीतल्या बाईनं ही गोळी एकटी घेतली तर ती नेमकं उलटं काम करू शकते.

‘पण माझी पाळी तर बंद आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन सापळे आहेत.

एक, केमोनं थांबलेली पाळी. ती वर्षभर थांबते आणि नंतर परत येते, असं पन्नाशीच्या आतल्या कितीतरी जणींच्या बाबतीत होतं. पाळी थांबली याचा अर्थ अंडाशयानं कायमची रजा घेतली असा होत नाही. दुसरा सापळा त्याहून फसवा: ‘माझी पिशवी काढलीय.’ गर्भाशय काढलं तर पाळी बंद होणारच, पण ऑपरेशनमध्ये अंडाशयं ठेवली असतील तर ती मजेत काम करत असतात. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा आणि त्यात काय काय काढल्याचं लिहिलंय ते डॉक्टरांना दाखवा. मला सांगायला आठवलं नव्हतं, डॉक्टरांनी विचारलं म्हणून कळलं.

शंका असेल तर डॉक्टर रक्तातलं एफएसएच (मेंदूकडून अंडाशयाला कामाला लावणारं हार्मोन) आणि इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचं मुख्य रूप) तपासतात, कधी कधी पुन्हा पुन्हा. इतक्या कमी पातळीचं इस्ट्राडिओल मोजायला अधिक सूक्ष्म पद्धत लागते, तेव्हा चाचणी कुठल्या पद्धतीनं व्हावी हे त्यांनाच लिहून द्यायला सांगा.

अंडाशय चालू असेल आणि तरीही अरोमाटेझची गोळी द्यायची असेल, तर सोबत अंडाशय झोपवणारं इंजेक्शन हवंच. गोसेरेलिनचं ३.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी कांडी. ती पोटाच्या कातडीखाली दर २८ दिवसांनी सोडतात. सुई जाड असते, आधी बर्फ किंवा बधिर करणारं क्रीम मागायला लाजू नका. या इंजेक्शनाची तारीख म्हणजे तारीख. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असं करत राहिलात तर अंडाशय जागं होऊ शकतं आणि गोळी एकटी पडते. सुरुवातीचे काही दिवस हे इंजेक्शन हार्मोन थोडं वाढवतं आणि मग खाली आणतं. म्हणून काही डॉक्टर आधी इंजेक्शन सुरू करून गोळी काही आठवड्यांनी देतात. कुणाची अंडाशयं ऑपरेशननं काढतात, मग इंजेक्शनाचा प्रश्नच मिटतो.

अरोमाटेझची गोळी चालू असताना पाळी आली, नुसता डाग जरी दिसला, तरी पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी फोन करा.

आणि गर्भधारणा. यांतली कुठलीच गोळी गर्भाला चालत नाही आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही नाही. टॅमॉक्सिफेनवर पाळी अनियमित झाली किंवा थांबली तरी दिवस राहू शकतात. तेव्हा कंडोम किंवा कॉपर टी, म्हणजे हार्मोन नसलेलं साधन वापरायचं. गर्भनिरोधक गोळ्या नाहीत. मूल हवं असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा, लपवू नका. २०२३ साली ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात तरुण स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षं औषध घेऊन मग मूल होण्यासाठी जास्तीत जास्त दोन वर्षांची सुट्टी घेतली, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत तरी कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण ही सुट्टी डॉक्टरांबरोबर आखायची असते. गोळी थांबवल्यावर किती महिने थांबून प्रयत्न करायचा हेही तेच सांगतात.

पायरी तिसरी: सुरू करण्याआधीच्या तपासण्या

अरोमाटेझच्या गटातली गोळी असेल तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आधी करून घ्या. मशीनखाली निजायचं, काही टोचत नाही. रिपोर्टात टी-स्कोअर असतो: उणे १ च्या वर ठीक, उणे १ ते उणे २.५ मध्ये हाडं विरळ होऊ लागलेली, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. पुढे वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा करतात, तेव्हा हा पहिला आकडा नसेल तर तुलना कशाशी करणार? सोबत रक्तातलं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि कोलेस्टेरॉल.

दात मात्र विसरू नका. हाडांसाठी पुढे झोलेड्रोनिक ॲसिडसारखं इंजेक्शन लागण्याची शक्यता असते आणि त्यानंतर दात काढावा लागला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. किडका दात आधी निस्तरून घेतलेला बरा.

टॅमॉक्सिफेन असेल तर प्रश्न वेगळे. तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला पायात, फुप्फुसात गुठळी झाली होती का? पक्षाघात? गर्भाशयाचं काही दुखणं? मोतीबिंदू? यांतलं काहीही असेल तर गोळी बदलू शकते, म्हणून विचारलं नाही तरी सांगा.

पायरी चौथी: रोजचं घेणं

हे सोपं आहे. दिवसातून एकदा, रोज साधारण त्याच वेळी. एक्झेमेस्टेन जेवणानंतर घ्यायची, कारण पोटात अन्न असलं की ती जास्त शोषली जाते. ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन उपाशी किंवा भरल्या पोटी, कशीही चालते. मळमळत असेल तर रात्री घेऊन बघा. झोप उडत असेल तर सकाळी.

विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं, तर घेऊन टाका. दुसऱ्या दिवशी आठवलं, तर कालची गेली, आजची एकच घ्यायची. दोन कधीही नाही. एखाद्या दिवसाच्या चुकीनं जीव टांगणीला लावून घेऊ नका. ही औषधं शरीरात दिवसेंदिवस रेंगाळतात, टॅमॉक्सिफेन तर आठवड्यांच्या हिशेबानं. एक गोळी चुकली तर फारसं बिघडत नाही. दर आठवड्याला दोन चुकत असतील तर मात्र ती सवय झाली, आणि सवयीला उपाय शोधायचा.

मी पाकिटाच्या मागच्या पत्र्यावर, प्रत्येक गोळीपाठी, बॉलपेननं तारीख लिहिते. महिन्याच्या सुरुवातीला दोन मिनिटांचं काम. मग ‘घेतली की नाही घेतली’ हा जो संध्याकाळचा भुंगा असतो, तो राहत नाही. सातची खिडकी फुटलेली दिसली की संपलं. शेवटच्या दहा गोळ्या उरल्या की पुढचं पाकीट आणायचं. प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. बाथरूमच्या कपाटात ठेवू नका, दमट हवा औषधाला मानवत नाही.

थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम आपल्या हार्मोनच्या गोळीशी भांडत नाही, थायरॉइडच्या गोळीशी भांडतं.

कंपनी बदलली की गोळीचा रंग, आकार बदलतो. घाबरू नका, मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवून पाहा. लेट्रोझोल आणि लेव्होथायरॉक्सिन अशी नावं चष्मा नसताना एकसारखी वाटतात, म्हणून अक्षर न् अक्षर वाचा.

पायरी पाचवी: त्रास झाला तर

इथे माझा मूर्खपणा. गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत सकाळी बोटं मिटेनाशी झाली. टूथपेस्टचं झाकण दोन्ही तळहातांत धरून फिरवायचं. जिना उतरताना कठडा घट्ट धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दिवस चढला की सैल व्हायचं, म्हणून तपासणीला दुपारी जायचे तेव्हा मी बरी असायचे आणि ‘कसं वाटतंय?’ला ‘छान’ म्हणायचे. दुसऱ्या वर्षी एके दिवशी गोळी बंद केली. कुणाला न सांगता, २२ दिवस. बोटं सुटली आणि रात्रीची झोप उडाली ती निराळ्याच कारणानं. शेवटी जाऊन सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “दुखतंय हे मला कोण सांगणार?”

तेव्हा कळलं की अरोमाटेझच्या गोळ्या घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांना हे होतं, आणि त्यावर करण्यासारख्या गोष्टींची एक उतरंड आहे. सगळ्यात खाली हालचाल. सांधा दुखतोय तर झिजेल, जपावा, असं वाटतं. पण हे दुखणं पडून राहिल्यानं वाढतं. येल विद्यापीठाच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला अडीच तास भरभर चालणं आणि दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम वर्षभर केलेल्या बायकांच्या सांधेदुखीची तीव्रता साधारण ३० टक्क्यांनी उतरली होती. मला पहिले तीन आठवडे खोटं वाटलं, मग पटलं. त्याच्या वरची पायरी: ड जीवनसत्त्व कमी आहे का, थायरॉइड बिघडलंय का ते बघणं. मग वेदनेच्या गोळ्या, ड्युलॉक्सेटिनसारखं औषध, काहींना ॲक्युपंक्चर. तरी जमलं नाही तर डॉक्टर दोन-तीन आठवड्यांची अधिकृत सुट्टी देऊन त्याच गटातली दुसरी गोळी सुरू करतात. एकीनं छळलं म्हणून दुसरी छळेलच असं नाही. माझं तसंच झालं. तेही नाही जमलं तर टॅमॉक्सिफेन आहेच. म्हणजे ‘सहन करा’ आणि ‘सोडून द्या’ यांच्या मधे पाच-सहा खोल्या आहेत, मी एकीचंही दार ढकललं नव्हतं.

सोडून देण्याचा हिशेबही ऐकून ठेवा. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं पूर्ण घेतली तर पंधरा वर्षांतलं स्तनाच्या कॅन्सरनं होणारं मृत्यूचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं कमी होतं. अरोमाटेझच्या गोळ्या पाळी गेलेल्यांमध्ये त्याहून थोड्या सरस ठरल्या आहेत. हा फायदा गोळी पोटात गेली तरच मिळतो, आणि आतून काही कळत नाही, हाच तर या औषधाचा त्रास आहे. डोकं दुखायचं थांबलं असं काही होत नाही. त्रास तेवढा दिसतो, उपयोग दिसत नाही.

अंगातून वाफा निघणं हे दोन्ही गटांत होतं. छातीतून सुरू होऊन मानेवर, चेहऱ्यावर लोट चढतो, मिनिटा-दोन मिनिटांत घाम फुटतो आणि मग थंडी. बहुतेकींचं काही महिन्यांनी ओसरतं. एकावर एक घालता-काढता येतील असे सुती कपडे, उशाशी पंखा, आणि कुठल्या गोष्टीनं लोट येतो याची चार दिवस नोंद. तरी रात्री चार-चार वेळा उठावं लागत असेल तर व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिन किंवा ऑक्सिब्युटिनिन अशी औषधं आहेत. ती मुळात दुसऱ्या दुखण्यांची आहेत, त्यामुळे केमिस्टकडून आणलेल्या चिठ्ठीवर ‘नैराश्य’ किंवा ‘फिट’ असं वाचून बिचकू नका.

योनीचा कोरडेपणा. यावर कुणी बोलत नाही. नवऱ्याशी नाही, डॉक्टरांशी नाही, मैत्रिणीशी तर नाहीच. संबंधांच्या वेळी दुखतं, लघवीला जळजळ होते, कधी नुसतं चालताना घासतं. हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा नियमानं, आणि संबंधांच्या वेळी वेगळं वंगण, या दोन गोष्टींनी पुष्कळ फरक पडतो. इस्ट्रोजेन असलेलं क्रीम मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिहून दिलं तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही, विशेषतः अरोमाटेझच्या गोळीवर असताना.

हाडांची झीज दुखत नाही, ती फ्रॅक्चर झाल्यावरच कळते. अन्नातून आणि गोळीतून मिळून दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि वजन पेलणारा व्यायाम. पोहणं छान, पण हाडांना भार लागतो तो चालण्यानं, जिन्यानं, वजनं उचलण्यानं. टी-स्कोअर घसरला तर झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन साधारणपणे सहा महिन्यांतून एकदा देतात. पाळी गेलेल्या बायकांमध्ये झोलेड्रोनिक ॲसिडमुळे कॅन्सर हाडात उलटण्याचं प्रमाणही कमी होतं, म्हणून काहींना हाडं चांगली असतानाही ते सुचवतात.

मन उदास होणं, चिडचिड, शब्द ऐन वेळी न आठवणं, हेही होतं. वय झालं म्हणून सोडून देऊ नका, यादीत लिहा.

पायरी सहावी: ज्यासाठी थांबायचं नाही

एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली. बोलणं अडखळलं, तोंड किंवा हात एका बाजूला लुळा पडला. हे गुठळीचं किंवा पक्षाघाताचं लक्षण असू शकतं. रात्र असो, सुट्टी असो, सरळ इमर्जन्सी विभागात जायचं आणि दारातच सांगायचं की मी टॅमॉक्सिफेन घेते. हा धोका टॅमॉक्सिफेनवर दुप्पट-तिप्पट होतो. मुळात तो थोडा असल्यानं बहुतेकींना काही होत नाही, पण ज्यांना होतं त्यांच्या हातात वेळ कमी असतो. लांबच्या प्रवासात तासा-दोन तासांनी उठून चाला. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला आधी सांगा. काही वेळा गोळी त्याआधी काही आठवडे थांबवतात.

पाळी गेल्यानंतर टॅमॉक्सिफेनवर रक्त दिसलं, कितीही थोडं, तर आठवड्याच्या आत तपासणी. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं हे पहिलं लक्षण असू शकतं, आणि इतक्या लवकर सापडला तर तो बहुतेक वेळा बरा होतो. काहीच त्रास नसताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत बसण्याची मात्र गरज नसते. टॅमॉक्सिफेननं अस्तर जाड दिसतंच, आणि मग नसत्या तपासण्यांची रांग लागते.

नजर अंधुक झाली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

पायरी सातवी: बाकीच्या गोळ्यांशी पटतं का?

टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर तिचं जोमदार रूप तयार होतं. त्या कामाला लागणारं एन्झाइम काही औषधं अडवतात: पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन ही त्यांतली ठळक. पहिली दोन नैराश्यासाठी सर्रास लिहितात, तिसरं धूम्रपान सोडायलाही देतात. तुम्ही यांतलं काही घेत असाल तर स्वतःहून बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. बदली औषध मिळतं. सांधेदुखीसाठी सांगितलेलं ड्युलॉक्सेटिनही टॅमॉक्सिफेनबरोबर घेण्याआधी विचारावं असंच. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन असेल तर टॅमॉक्सिफेन त्याचा परिणाम वाढवते आणि रक्तस्राव होऊ शकतो, तेही सांगा.

‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टींबाबत माझं मत कडक आहे. ‘हार्मोन संतुलन’, ‘पाळीच्या तक्रारींवर’ असं लिहिलेली डबी असेल तर तिच्यात इस्ट्रोजेनसारखं काही असण्याची शक्यता धरून चाला. एका बाजूनं महिनोन्महिने हार्मोन तोडायचं आणि दुसऱ्या बाजूनं चमच्यानं घालायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं? जेवणातल्या सोयाबीनला घाबरायचं कारण नाही, पण सोयाचा अर्क भरलेल्या कॅप्सूल नकोत.

ज्यांचा कॅन्सर पसरलेला आहे किंवा उलटण्याचा धोका जास्त आहे, त्यांना गोळीसोबत पाल्बोसिक्लिब (हे फक्त पसरलेल्या कॅन्सरसाठी), रायबोसिक्लिब किंवा अबेमासिक्लिब ही कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी औषधं देतात. ही औषधं वेगळ्या शिस्तीची. पहिली दोन तीन आठवडे घेऊन एक आठवडा सुट्टी, तिसरं दिवसातून दोनदा, सलग. पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही आणि ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर वाट बघायची नाही. अबेमासिक्लिबनं जुलाब होतात, त्यावरची गोळी पहिल्या पातळ जुलाबालाच घ्यायची असते. रायबोसिक्लिबच्या आधी आणि सुरुवातीला ईसीजी काढतात. फुल्व्हेस्ट्रंट हे इस्ट्रोजेनचे रिसेप्टर मोडून काढणारं इंजेक्शन दोन्ही कुल्ल्यांत एकेक, हळूहळू देतात. ते चालू असताना इस्ट्राडिओलची साधी चाचणी खोटा जास्त आकडा दाखवू शकते, हे लॅबला आणि डॉक्टरांना सांगून ठेवा.

पायरी आठवी: पाच वर्षं होत आली की

पाच हा आकडा दगडावरची रेघ नाही. रिसेप्टर पॉझिटिव्ह कॅन्सर उशिरानंही उलटतो, अगदी वीस वर्षांपर्यंत, म्हणून काहींना सात, काहींना दहा वर्षं गोळी सांगतात. गाठ किती मोठी होती, काखेतल्या किती लसिकाग्रंथींत कॅन्सर गेला होता, हाडं कशी आहेत, तुम्हाला गोळी कितपत सोसली, या चार गोष्टींवर ते ठरतं. पाचवं वर्ष उजाडलं की हा विषय तुम्हीच काढा, नवीन डेक्सा हातात घेऊन जा. कुणी थांबवायला सांगत नाही म्हणून घेत राहणं आणि पाच झाली म्हणून आपणच बंद करणं, दोन्ही नको.

थांबवायचं ठरलं तरी त्या दिवसापासून सगळं पुसलं जात नाही. सांधे सैल व्हायला काही आठवडे लागतात. टॅमॉक्सिफेन शरीरातून जायलाही तितकाच वेळ, तेव्हा गर्भधारणेची काळजी आणि पोटरीवरची नजर लगेच सोडू नका. आणि हाडांसाठी डेनोसुमॅब चालू असेल तर ‘गोळी संपली, आता इंजेक्शनही कशाला’ असं म्हणून पुढची तारीख टाळू नका. ते नुसतंच थांबवलं तर हाडांची झीज एकदम उसळते आणि पाठीचे मणके एकामागून एक दबू शकतात. ते उतरवताना त्याच्या जागी दुसरं औषध देऊनच उतरवतात, आणि ती चिठ्ठी शेवटच्या गोळीच्या आधी हातात असायला हवी.